सोवळ्यातलं चंदन

आमच्या दारव्ह्याच्या घरात दोन गोष्टी सोवळ्यातल्या होत्या. एक यज्ञेश्वरदादाची वकिली आणि दुसरं अंगणातलं चंदनाचं रोप. मी नवऱ्याचं घर आपल्या पायांनी सोडून भावाकडे आलेली, म्हणजे मी कशातच मोडत नव्हते.

घरचं चंदन उगाळून देवाला गंध लावायचं, ही दादाची हौस. त्यासाठी त्याने विटांचा गोल ओटा बांधला, त्यात चाळलेली माती भरली आणि फर्मान काढलं की चंदनाशेजारी गवताची काडी दिसता कामा नये. पहिलं रोप वाळलं. दुसरंही वाळलं. दादा म्हणाला, पाणी घालणारीचा हात बरा नाही. पाणी मीच घालत होते.

तिसरं रोप लावलं त्या पावसाळ्यात मी ओट्याच्या कडेला बसून तूर पाखडत होते. काही दाणे भिंतीकडच्या अंगाला पडले आणि उगवले. उपटायला वाकले, पण मन होईना. या घरात माझ्या हातून आपणहून काही उगवलंय, तर राहू दे म्हटलं. गंमत म्हणजे या खेपेला चंदन जोमात वाढलं. दादाचं लक्ष चंदनाच्या शेंड्याकडे आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे, भिंतीकडे कोण बघतो.

त्याच सुमारास बोरी अरबला मुलींची शाळा निघाली. तिथे मास्तरीण हवी होती आणि मी मॅट्रिक होते. मी जाते म्हटलं.

"वकिलाची बहीण चाकरी करणार? काहून? इथे काय कमी आहे तुला?" दादा म्हणाला.

कमी काहीच नव्हतं. पहाटेच्या बंबापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत सगळं भरपूर होतं.

दिवाळीनंतर कोर्टातले दोन वकील फराळाला आले. दादा त्यांना चंदन दाखवायला घेऊन गेला. मी मागून चहा घेऊन गेले. एकाने विचारलं, "बहीण इथेच असते का?"

"बांडगूळ आहे आमचं," दादा हसत म्हणाला. "झाडाने पोसायचं, दुसरं काय?"

 मला लाज नाही, राग आला. तेवढ्यात दादाला तूर दिसली.

"हे गबाळ कोणी लावलं? चंदनाचं सारं खाऊन राहिलं की!"

त्याने धोतर खोचलं आणि दोन्ही हातांनी तूर ओढली. ओल्या मातीतूनही ती लवकर येईना. शेवटी आली तेव्हा चंदन शेंड्यापर्यंत हललं. तुरीच्या मुळांबरोबर चंदनाची बारीक मुळं तुटून वर आली होती. त्यांच्या टोकांना चपट्या गाठी होत्या आणि त्या गाठी तुरीच्या मुळांना गोचिडासारख्या चिकटल्या होत्या.

मी चहा ओट्यावर ठेवला आणि ती तूर दादाच्या हातातून काढून घेतली.

"नीट बघ दादा. कोण कोणाला धरून बसलंय?"

दोघांतले चष्मेवाले वकील वाकून बघू लागले. म्हणाले, "वकीलसाहेब, ही धरणारी मुळं तर चंदनाची आहेत."

"तूर चंदनाचं खात नव्हती," मी म्हटलं. "चंदन तुरीचं खात होतं. म्हणून तर जगलं. आधीची दोन उपाशी मेली, माझ्या हाताने नाही. आणि आता चहा गार व्हायच्या आत घ्या. या घरातला माझ्या हातचा हा शेवटचा."

दादाला वाटलं, बाई रागात बोलते, सकाळी निवळेल. सकाळी मी बसंतीबाईच्या बैलगाडीत होते. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आमच्याकडे सरपण टाकायची आणि बाजाराला बोरीला जायची. तिने मला कायले, कुठे, काही विचारलं नाही. सरकून जागा दिली.

संक्रांतीच्या आसपास तीच शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. फळ्यावर मी तुरीचं मूळ काढलं होतं. पोरी ते पाटीवर उतरवत होत्या.

"वकीलसायबानं निरोप धाडला," ती म्हणाली. "चंदन वाळून राह्यलं म्हणते. तुमच्या हाताले गुण हाय म्हणते. वापस या म्हणते."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. भाऊ होता शेवटी.

"त्याला सांग, चंदनाजवळ तूर पेर म्हणावं."

"अन् तुमी?"

"मी येत नाही म्हणावं."

बसंतीबाईने पदर सावरला. "असंच सांगू?"

"असंच सांग. पाहुणे बसले असतील तेव्हा सांग."