मनातलं गाऱ्हाणं

लवू गावडेचं वय चोपन्न, केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे आणि हुद्दा वॉर्डबॉय. मुलुंडच्या त्या खाजगी मनोरुग्णालयात सव्वीस वर्षं काढली तरी बॉयचा बॉयच राहिला. त्याचं त्याला काही नव्हतं. त्याच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. जुनी इमारत पाडायची ठरली होती, आणि ज्यांना न्यायला कोणीच नाही अशा सात पेशंटांना एक तारखेला विदर्भातल्या कुठल्याशा संस्थेत हलवणार होते. त्या सातांत नाना होता.

नाना हे नाव लवूनेच ठेवलेलं. अकरा वर्षांपूर्वी जोगेश्वरीच्या गुंफांपाशी पोलिसांना हा म्हातारा बसलेला सापडला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत नव्या चपला, खिसे रिकामे. नाव विचारलं, गप्प. गाव विचारलं, गप्प. अकरा वर्षांत त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. लवूने त्याची दाढी केली, नखं कापली, ताप आला तेव्हा उशाशी बसून राहिला. सख्ख्या बापाचं एवढं केलं नव्हतं. बाप गिरणीतून यायचा आणि झोपायचा, एक दिवस झोपला तो उठलाच नाही. म्हाताऱ्याने निदान मरताना तरी आपल्या माणसांत असावं, एवढंच लवूचं म्हणणं होतं. पण माणसं कुठली, हे सांगणार कोण? डोंबल!

तर पाडायच्या आधी इमारत सिनेमावाल्यांना पंधरा दिवस दिली. सिनेमा भयपट. वेड्यांच्या इस्पितळात एक मुलगी असते, तिला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, आणि मग एकेक डॉक्टर मरतो. डॉक्टरच का, ते लवूला कळलं नाही, पण डॉक्टर मृणालिनी मॅडमनीही तो प्रश्न विचारला नाही, तेव्हा त्याने कशाला विचारावा? दिग्दर्शक यज्ञेश हा बोरिवलीचा गुणी मुलगा. आईने दिलेला डबा खायचा आणि तोंड पुसून रक्ताच्या बाटल्या मोजायचा. नाना बसायचा त्या खिडकीपाशीच त्यांना कॅमेरा लावायचा होता. मॅडम म्हणाल्या, त्यांना हलवू नका, फक्त चित्रात घेऊ नका. नानाला हलवायचं म्हटलं तर खिडकीसकटच हलवावं लागलं असतं.

पहिल्या दिवशी लवू नारळ घेऊन हजर. जागा आपली, पाहुणे परके, तेव्हा जागेवाल्या देवाला सांगायला नको? यज्ञेशने हात जोडले.

"काका, मुहूर्त अंधेरीला ऑफिसात झाला ना. इथे फोडाल तर पाणी केबलवर जाईल."

"मग गाऱ्हाणं तरी घालू दे रे."

"आता नको, काका. सर्वेश रूम टोन घेतोय."

रूम टोन म्हणजे खोलीचा नुसता आवाज. आवाजवाला सर्वेश कानाला हेडफोन लावून बसतो, सगळ्यांनी एक मिनिट पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि तो शांतता भरून घेतो. शांतता भरून घ्यायला माणूस ठेवतात हे ऐकून लवूला हसू आलं होतं. पण तो उभा राहिला. हातात नारळ, समोर एक मिनिट मोकळं. मग त्याने मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं, गावी देवळात घालतात तसं, थांबत थांबत. बा देवा म्हाराजा, रवळनाथा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! ही परकी पोरां आज तुझ्या जागेत इली हत. तेंच्या हातून काय चुकला-माकला तर पोटात घाल रे म्हाराजा!

गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. होकाराशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. इथे कोण देणार होकार? लवूने सवयीने तेवढी जागा सोडली, इतकंच.

"कोण बोललं मध्ये?" मिनिट संपल्यावर सर्वेश खेकसला. "पुन्हा घ्यावं लागणार! हे ऐका."

हेडफोन हातोहात फिरत लवूच्या कानाला लागला. आत पंख्याची घरघर होती, लांबून रिक्षाचा हॉर्न होता आणि घोगऱ्या, गंजलेल्या आवाजात कोणीतरी पुटपुटत होतं, व्हय म्हाराजा. थोडं थांबून पुन्हा, व्हय म्हाराजा. लवूने मोजलं. पाच वेळा. त्याने मनात होकारासाठी जागा सोडली होती तीही पाच वेळा. हिशेब बरोबर आहे, असं आधी त्याच्या मनात आलं, आणि मग त्याने हेडफोन काढून मागे वळून पाहिलं.

खिडकीपाशी नाना बाहेर बघत बसला होता.

जेवणाच्या सुट्टीत लवूने यज्ञेशला गाठून सगळं सांगितलं. यज्ञेशने मन लावून ऐकलं. पोरगा खरंच गुणी.

"काका, टेलिपॅथी अशी नसते," तो म्हणाला. "कपाळाची शीर उडते. नाकातून रक्त येतं. बुबुळं पांढरी होतात. आजोबा नुसते बसलेत. यात बघण्यासारखं काय आहे?"

"अरे, पण त्यांना ऐकू आलं!"

"ते ठीक आहे, पण दिसत काहीच नाही ना."

सर्वेशने पाचही जागा कापून टाकल्या. सिनेमा सुरू झाला. नटीच्या नाकाला मेकअपवाला दिवसभर रक्त लावत राहिला.

लवूने मात्र सिनेमाचा नाद सोडला. माणूस मालवणी मुलखातला आहे, हे अकरा वर्षांनी कळलं होतं आणि एक तारखेला नऊ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो नानाच्या समोर स्टूल टाकून बसला, डोळे मिटले आणि मनातच सुरू झाला. आपल्या गावचे देव त्याने ओळीने घेतले. पहिल्याला होकार आला. दुसऱ्याला आला. तिसऱ्यालाही आला. चौथ्याला आला नाही. लवूने डोळे उघडले. म्हातारा त्याच्याकडे शाळामास्तरासारखा बघत होता.

"चुकलंस," नाना म्हणाला. "उंडलीखालचो चाळो खय ऱ्हवलो?"

लवूच्या डोळ्यांना धाराच लागल्या. अकरा वर्षं ज्याला भरवलं तो माणूस बोलला, आणि बोलला ते काय, तर तुझं चुकलं! अगदी गाववाला. लवूला इतका आनंद झाला की त्याने नानाचे पाय धरले आणि मग आजूबाजूला कोणी बघत नाही ना, ते पाहिलं.

आता चाळा म्हणजे गावाची राखण करणारा. देव दहा गावांना एकच असेल, रवळनाथ काय, सातेरी काय, पण चाळा ज्याच्या त्याच्या गावचा. कुणाचा आंब्याखालचा, कुणाचा तिठ्यावरचा. लवूच्या गावचा होता वडाखालचा. उंडलीच्या झाडाखालचा त्याने जन्मात ऐकला नव्हता. त्याने आणखी विचारलं, मनातच. नानाने तोंडाने सांगितलं. "आधी गांगो. मगे रवळनाथ. मगे सातेरी. मगे उंडलीखालचो. तेका इसारलंस तर तो रागावता."

पोलिसांनी बोटांचे ठसे घेतले होते, पेपरात फोटो दिला होता, काही झालं नव्हतं. लवूने देवांची ती ओळ टाइप केली आणि मुंबईतल्या सगळ्या गावमंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ज्या गावचं हे गाऱ्हाणं असेल त्यांनी फोन करावा. चाळीस मिनिटांत फोन आला. नांदरखोल गावच्या मंडळाचे सेक्रेटरी होते, भांडुपहून. देव त्यांचेच, ओळ त्यांचीच. लवूने फोटो पाठवला.

"हे आमचे भाऊराव," सेक्रेटरी म्हणाले. "गाऱ्हाण्याला पहिला होकार यांच्या घराचा. पण अहो, हे तर वारले! अकरा वर्षं झाली. पुतण्याने कळवलं होतं. तेराव्याला आम्ही जेवून आलो ना."

"काय होतं जेवायला?" असं लवूच्या तोंडून निघून गेलं. माणूस गडबडला की काहीही विचारतो.

"वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी पुतण्याचा नंबर दिला. पुतण्या गावी नव्हता. बोरिवलीत होता. मुलुंडहून रिक्षाने गेलं तर तासाभरावर.

पुतण्या हर्षद रविवारी बायकोला घेऊन आला. पेढ्यांचा बॉक्स आणला होता. माणूस दिसायला भला, बँकेत असतो तसा. मृणालिनी मॅडमच्या खोलीत नानाला आणून बसवलं, लवू पाठीशी उभा राहिला. हर्षदने सांगितलं, काका हरवले, खूप शोधलं, शेवटी मन घट्ट करून क्रियाकर्म उरकलं. ओलावलेले डोळे त्याने रुमालाने पुसले. मग तो खुर्चीवर पुढे सरकला.

"काका, घरी चला. सगळे वाट बघतायत."

नाना गप्प. हर्षदही गप्प झाला.

"व्हय म्हाराजा," नाना म्हणाला.

हर्षद खुर्चीत मागे सरकला. त्याच्या बायकोने पदर घट्ट धरला आणि ती जमिनीकडे बघत राहिली.

"व्हय म्हाराजा," नाना तिच्याकडे वळून म्हणाला.

"काय म्हणतायत?" मॅडमनी लवूला विचारलं. "घरी जायला तयार आहेत का?"

लवूला सांगता येईना. होकार होता, हे खरं. मागणी काय होती ते त्या दोघांना ठाऊक आणि म्हाताऱ्याला.

मॅडम फॉर्म आणायला उठल्या तसा हर्षद लवूला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेला. "घरातही असंच करायचे हो. आपण मनात काही आणायचं आणि यांनी होकार द्यायचा. मुलीचं लग्न मोडावं, सासू मरावी, काहीही. सगळ्यांच्याच मनात येतं की नाही? तुमच्या येत नाही? दोन खोल्यांत माणसाने विचार तरी कुठे करायचा? मी देवाला हात जोडून सांगतो, आम्ही यांना कधी उपाशी ठेवलं नाही."

"गुंफांपाशी सोडताना चपला नव्या घेतल्या होत्या," लवू म्हणाला.

"हो," हर्षद म्हणाला. "बाटाच्या."

लवूने हात उचललाच होता, पण सव्वीस वर्षांची नोकरी आडवी आली.

दोघे आत गेले. मॅडमनी नियमाप्रमाणे पेशंटला विचारलं, "आजोबा, यांना ओळखता का?"

नानाने हर्षदकडे पाहिलं. रागाने नाही. देवळात नवस बोलायला आलेल्याकडे बघावं तसं पाहिलं. मग स्वच्छ म्हणाला, "ही माणसां माझी न्हय."

"आणि तुम्ही?" मॅडमनी हर्षदला विचारलं. "हे तुमचे काका आहेत?"

हर्षदने बायकोकडे बघितलं. "चेहरा थोडा मिळतो," तो म्हणाला. "पण नाही. काका उंच होते."

संपलं. दोन्हीकडून नाही आल्यावर मॅडमनी फाइल मिटली. त्या दोघांनी जाताना पेढ्यांचा बॉक्स नेला. लवू दिवसभर शिव्या देत फिरला. नीच, हलकट, कसाई, आणि मालवणीतल्या त्या वेगळ्याच. यज्ञेशला त्याने सगळी हकीकत सांगितली. यज्ञेश हळहळला, म्हणाला, काका, फॅमिली ड्रामा होईल याचा, पण आपलं जॉनर वेगळं आहे. सेक्रेटरींना फोन केला तर ते म्हणाले, घरच्यांनीच नाही म्हटल्यावर मंडळ काय करणार, गणपतीच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ.

एक तारखेला सकाळी नऊला गाडी आली. सहाजण चढले. नानाच्या पिशवीत लवूने दोन लेंगे, कंगवा आणि बिस्किटांचे पुडे भरले. मॅडम दारात उभ्या होत्या, सिनेमाची पोरं चहाचे कप घेऊन बघत होती. लवूला ते सहन होईना. त्या हरामखोर पुतण्यासारखे का आपण? जगात कोणीतरी माणूस असेल की नाही? तो नानाच्या पुढ्यात गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"नाना, तुम्ही काय जाताय? माझ्याकडे चला. घाटकोपरला."

मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. यज्ञेशने कप खाली ठेवला. कोणीतरी टाळी वाजवली.

नाना लवूच्या तोंडाकडे बघत राहिला, जसं काही अजून बोलणं संपलेलं नाही. आणि खरंच संपलं नव्हतं. लवूच्या आत चालूच होतं. दोन खोल्या. एकीत मुलगा-सून. दुसरीत तिजोरीचं कपाट, ते हलवलं तर पाच फूट जागा होते, म्हातारा साडेपाच. शेवंती काय म्हणेल? लेक बाळंतपणाला येणार. आणि हा ऐकत बसणार, रात्रंदिवस, सगळ्यांचं. देवा, बोलून तर गेलो, आता हा हो म्हणायला नको.

नानाने हात उचलला आणि लवूच्या गालावर ठेवला.

"नको रे झिला," तो म्हणाला. "शेवंतीक कित्याक तरास? तू भिया नको. मी येवचंय नाय."

बायकोचं शेवंती हे नाव लवूने अकरा वर्षांत त्याच्यापुढे कधी काढलं नव्हतं. म्हातारा आपणहून गाडीत चढला, खिडकीपाशी बसला. गाडी फाटकातून बाहेर पडली. लोक लवूची पाठ थोपटत होते, काका, तुम्ही मोठ्या मनाचे, असं म्हणत होते. लवूला हायसं वाटलं. गाडी अजून कोपऱ्यापर्यंतही पोचली नव्हती, आणि तेवढ्या अंतरावरून म्हाताऱ्याला तेही ऐकू गेलं असणार.