मी जागचा हललो नाही

मी एक जुना, बांधाचा दगड आहे. माझं सांगणं तुम्हाला खरं वाटणार नाही, मित्रांनो. पण एके काळी अख्खी टेकडी मी एकट्याने धरून ठेवली होती. ढगसुद्धा मला विचारून बरसत.

आता मी टेकडीच्या पायथ्याशी एका दारात पडलो आहे. येणारा-जाणारा चपलांचा चिखल माझ्या अंगावर खरवडतो. हे दार धाकटीचं. दोन भावांपैकी धाकट्याची बायको, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणतात.

टेकडीवर मला रचलं तेही तिनेच. उताराला आडवी, कमरेइतकी उंच दगडांची रांग. वरून पाणी यायचं, आमच्यापाशी थबकायचं, आणलेली माती ठेवून गुपचूप झिरपून जायचं. त्या मातीवरच धाकटीचं शेत उभं राहिलं. लोक बांधाचं कौतुक करत; मी ते सगळं स्वतःच्या नावावर जमा करी.

मग थोरल्या दिराने नवी गाडी घेतली. वळणाच्या वाटेने त्याची कंबर दुखू लागली. बांध फोडून शेतातून सरळ खाली वाट काढायची, असं त्याने ठरवलं.

"भाऊजी, वाट वळणाचीच राहू द्या," धाकटी म्हणाली. "सरळ वाट पाण्यालाही सोयीची पडेल."

"मग पाण्यालाही गाडीत बसवून नेऊ," भाऊजी म्हणाले, आणि घरातले सगळे हसले. तिचा नवरासुद्धा.

पावसाळ्यात पाणी गाडीच्या चाकोऱ्यांत शिरलं. सपाटीवर रेंगाळणारं पाणी उतार मिळताच धावतं. धावता धावता माती उचलतं, मग वाळू, मग खडे, आणि त्याच खड्यांनी पुढची जमीन खरवडतं. उतार जितका लांब आणि उभा, तितका त्याला जोर चढतो. चाकोरीची घळ झाली. घळीने शेत गिळलं, खालचा खडक उघडा पडला. भाऊजी म्हणाले, यंदाचा पाऊसच वाईट. गाडी आता पुन्हा वळणाच्या वाटेने जाते. धाकटी दुसऱ्यांच्या शेतात राबते.

तेव्हा मित्रांनो, उतारावर नांगर आडवा चालवा, गवत राखा, बांधाला हात लावू नका. आणि माझ्याकडे पाहून शिका. त्या पावसात माझे सगळे सोबती गडगडत गेले. मी मात्र जागचा तसूभरही हललो नाही...

धाकटी कामावरून परतली होती. टाचेला परक्या शेतातला चिखल होता. तो तिने माझ्या कडेवर घासला आणि जरा थांबली.

"हलला नाहीस," ती म्हणाली, "मग माझ्या दारात कसा आलास रे?"