चाळीस मिनिटांची कमान

स्टर्जिल गावातल्या बहुतेकांनी आर्डिस हॅल्व्हर्सनला खालून वर बघितलेलं होतं. एकतीस वर्षं तिनं गावच्या दंतवैद्याकडे लोकांचे दात साफ केले. खुर्चीत आडवं पडायचं, तोंड उघडायचं, आणि वर दिव्याखाली आर्डिसचे डोळे. ती निवृत्त झाली तरी रस्त्यात भेटणारे लोक तिला बघून नकळत ओठ मिटून घेत.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी तिनं एका गुरंवाल्याच्या माळावरून जुना ट्रेलर ओढून आणला आणि घरामागच्या शेडमध्ये उभा केला. १९५६ सालचा, तेरा फुटांचा, मोटारीच्या मागं जोडून फिरायला न्यायचा. बाजूनं बघितला तर पावासारखा, पुढं-मागं गोल. आत कोंबड्या राहत होत्या. गुरंवाला म्हणाला, "घेऊन जा, पण कोंबड्या माझ्या."

दीड वर्ष ती एकटीच त्याच्यात गुंतली होती. सांगाड्याच्या कुजलेल्या लाकडी बरगड्या काढून नव्या घातल्या, वायरी बदलल्या, तळाचे तक्ते बदलले. आता आतून बर्च लाकडाचा पातळ प्लाय लावायचा राहिला होता. बाजूच्या सपाट भिंती दोन दिवसांत झाल्या. अडचण होती पुढच्या कमानीची. खिडकीच्या वरच्या काठापासून प्लाय निघतो, वळत वळत वर जातो आणि छताला मिळतो. प्लाय एकसंध हवा, मधे जोड चालत नाही, आणि दर्शनी भागात खिळा किंवा स्टेपल नको. म्हणजे बरगड्यांवर गम लावायचा, प्लाय दाबायचा आणि गम धरेपर्यंत दाबून ठेवायचा.

पहिला तक्ता गुरुवारी मोडला. एकटीनं वर ढकलताना टेकू घसरला आणि गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. मोडलेला तक्ता तिनं शेडच्या मागं नेऊन ठेवला, हात धुतले आणि दुसरा घेतला. त्याच्यावर गरम पाण्यात बुडवलेले टॉवेल अंथरले, मग पट्ट्यांनी आवळून पिंपासारखा वाकवून दोन दिवस तसाच वाळू दिला. लाकडाला वाकायची सवय लागावी म्हणून. तिसरा तक्ता तिच्याकडे नव्हता.

रविवारी सकाळी तिनं दुसरा तक्ता चढवला. दोन टेकू नीट बसले. तिसरा बसवायला गेली तर तो पायाशी पडला. दोन्ही तळवे वर लावून ती उभी राहिली. टेकू उचलायला वाकावं तर प्लाय सुटणार. अशी किती वेळ उभी राहू शकेन याचा ती हिशेब करत होती, एवढ्यात बाहेर खडीवर पावलं वाजली.

"आर्डिस?"

"कोण आहे?"

"मी. लोरीन."

लोरीन म्हणजे व्हर्नची बायको. बावीस वर्षांपूर्वी व्हर्न आर्डिसचा नवरा होता. मग तो गुरांच्या खाद्याच्या दुकानात काम करणाऱ्या लोरीनकडे राहायला गेला आणि तिथंच राहिला. गेल्या सप्टेंबरात तो वारला. गावात दुकान एकच, चर्च एकच, तरी बावीस वर्षांत या दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. एक साबणाच्या रांगेत शिरली की दुसरी पिठाकडे वळायची.

"लोरीन, हात स्वच्छ आहेत का?"

"अं? हो, आहेत."

"मग आत ये. डोकं सांभाळ. इथं माझ्या डाव्या हाताशेजारी तळवे लाव आणि ढकल. बोटांनी नाही, तळव्यांनी."

लोरीनच्या हातात लिफाफा होता. तो कुठं ठेवावा हे तिला सुचेना, म्हणून तिनं तो दातांत धरला आणि तळवे लावले. आर्डिसनं बाजूला नजर टाकली. बावीस वर्षांनी तिला लोरीनचे दात दिसले. वरच्या उजव्या बाजूचा पूर्वी किडलेला दात आता सोन्यात मढवलेला होता. काम बरं होतं.

"तो टाक खाली. ओला होतोय."

लोरीननं लिफाफा बाकावर टाकला. "किती वेळ धरायचंय?"

"चाळीस मिनिटं."

"चाळीस? अहो, मी पाच मिनिटांसाठी आले होते!"

"मला काय सांगतेस? गमला सांग."

आर्डिसनं पायानं टेकू जवळ ओढला, एका हातानं उचलला आणि आपल्या बाजूला ठोकून बसवला. पण लोरीनच्या बाजूला वळण सगळ्यात तीव्र होतं, तिथं सरळ लाकडाचा टेकू बसत नव्हता. तिथं माणूसच हवा होता. आर्डिस तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि दोघी वर बघत प्लाय दाबत राहिल्या. बाहेर वारा होता. शेडचा पत्रा मधूनच वाजत होता.

"हल्ली दात कुणाकडे साफ करतेस?" आर्डिसनं विचारलं.

"पेंडलटनला जाते."

"पन्नास मैल?"

"मग? तुमच्या हातात हत्यार आणि माझं तोंड उघडं. कोण येईल?"

आर्डिस जराशी हसली. "मी काही केलं नसतं."

"माहितीये. तेच तर नको होतं."

आर्डिसनं आपले तळवे जरा वर सरकवले. दंडांत कळ यायला लागली होती. तिनं विचारलं, "लिफाफ्यात काय आहे?"

लोरीननं सांगितलं. गावच्या दफनभूमीत आर्डिस आणि व्हर्न यांच्या नावावर दोन जागा होत्या, व्हर्नच्या आईवडिलांच्या शेजारी. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, सासरे वारले तेव्हा घेतलेल्या. घटस्फोटात दोघांनी चमच्यांपर्यंत सगळं वाटून घेतलं, पण या जागा कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत. आता दफनभूमीची समिती म्हणत होती की आर्डिसची सही आल्याशिवाय व्हर्नला तिथं पुरता येणार नाही.

"म्हणजे तो अजून घरीच आहे?"

"घरीच. राखेच्या डब्यात. कपडे धुवायच्या मशीनवर जी फळी आहे ना, तिथं."

"मशीन लावलं की हलतो का?"

लोरीनच्या तोंडून फुसकन हसू बाहेर पडलं. तिच्या हातांखाली प्लाय थरथरला.

"हसू नकोस, सुटेल."

"तुम्हीच हसवता आणि वर..." तिनं ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "हलतो. पिळायच्या वेळी. आठ महिने मी कपडे हातानं पिळतेय."

गम लावून पंधरा मिनिटं झाली होती. आर्डिसला दारातून शेडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, लोरीनला दिसत नव्हतं.

"शेवटी त्रास झाला का त्याला?"

"नाही. गॅरेजमध्ये होता. मी कॉफी घेऊन गेले तर भिंतीला टेकून खाली बसला होता. मला वाटलं, काहीतरी शोधतोय. मी म्हटलं, काय हरवलं? दोनदा विचारलं." तिनं तळवे पुन्हा रेटले. "कॉफी मी तशीच हातात धरून उभी होते. रुग्णवाहिका येईपर्यंत. कप खाली ठेवायचं सुचलंच नाही."

आर्डिसनं ऐकून घेतलं. व्हर्नबद्दल असं काही ऐकलं की आपल्याला काहीतरी होईल असं तिला पूर्वी वाटायचं. आता दंड दुखत होते आणि मानेतून घाम ओघळत होता, याव्यतिरिक्त तिला काही जाणवलं नाही. गॅरेजमधला तो मात्र तिच्या डोळ्यांपुढं स्पष्ट उभा राहिला. खाली बसताना तो नेहमी डावा पाय लांब करायचा.

"तू का नाही आलीस?" लोरीन म्हणाली. "अंत्यविधीला. मी दाराकडेच बघत होते."

"मी आले असते तर लोक तुला सोडून माझ्याकडे बघत बसले असते. दुखवट्याच्या जेवणाचं कॅसरोल कुणी कुणाला द्यायचं तेही कळलं नसतं त्यांना."

"मला कुणीतरी हवं होतं जे त्याला..." लोरीनचं वाक्य अर्धंच राहिलं. तिनं नाक पुसायला एक हात काढला.

प्लाय कुरकुरला. खिडकीच्या कोपऱ्याकडून बारीक, कोरडा आवाज आला.

"हात!"

लोरीननं हात परत लावला, पण तळव्यात जोर उरला नव्हता. आर्डिसनं आपला खांदा तिथं घुसवला. "आता ऐक. फिर. पाठ लाव. त्या खोक्यावर बस, पाय समोर रोव आणि पाठीनं रेट. तुझी पाठ त्या वळणात बसते का बघ."

लोरीन खोक्यावर चढून बसली, पाय समोरच्या चौकटीला लावले आणि मागं रेलली. तिच्या पाठीचा गोल कमानीत नेमका बसला. आर्डिसनं हळूच आपला खांदा काढला. प्लाय हलला नाही.

"बसली," आर्डिस म्हणाली. "एवढा चांगला टेकू मला करता आला नसता."

"मोडलं का गं?"

कोपऱ्याशी बोटभर लांबीची चीर गेली होती. "तिथं कपाट येतं," आर्डिस म्हणाली. कपाट दोन इंच अलीकडंच संपत होतं, ते तिनं सांगितलं नाही.

आता आर्डिसचे हात मोकळे झाले. तिनं थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून लोरीनला दिली. लोरीन तशीच रेललेली कॉफी पीत राहिली. आर्डिसनं लिफाफा उघडून कागद वाचला.

"यात लिहिलंय की मी त्याची जागा सोडते. माझीही घे."

"तुझी कशाला?"

"मला तिथं पडायचं नाहीये. वीस वर्षं त्याच्याशेजारी झोपलेय मी. तिरका झोपतो तो."

"कोपर बरगडीत," लोरीन म्हणाली.

"आणि पांघरूण?"

"सगळं ओढून घेतो." लोरीननं झाकण मांडीवर ठेवलं. "खरं सांगू? मलाही तिथं नकोय. मी लिंकनला बहिणीकडे जाणार आहे. तिथं आईशेजारी जागा आहे. हे सांगायला मला लाज वाटत होती."

"कुणाची? माझी?"

"तुझीच. बाकी गावाची कशाला वाटेल?"

आर्डिसनं बाकावर कागद ठेवून सही केली. दुसऱ्या जागेसाठी खाली एक ओळ लिहिली आणि तिथंही सही केली. पेनची शाई मधेच पुसट झाली म्हणून तिनं ती अक्षरं पुन्हा गिरवली. चाळीस मिनिटांच्या जागी पन्नास झाली, तेव्हा ती म्हणाली, "सोड आता. हळू."

लोरीन पुढं सरकली. कमान जागेवर राहिली. आर्डिसनं वळणावरून तळवा फिरवला. लोरीनच्या ब्लाउजला पाठीवर गमचा पट्टा लागला होता. आर्डिसनं तो ओल्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला, पण निघाला नाही.

"राहू दे," लोरीन म्हणाली आणि लिफाफा घेऊन गेली.

जूनमधल्या एका मंगळवारी व्हर्नला पुरलं. आर्डिस गेली नाही. त्या दिवशी ती कमानीला लाखेच्या पॉलिशचा दुसरा हात देत होती, आणि तो मधे थांबवला तर डाग राहतो. औषधाच्या दुकानातल्या बाईनं तिला नंतर सांगितलं की जमीन दगडी होती, खणायला वेळ लागला, आणि नऊ माणसं होती.

ऑगस्टमध्ये लोरीनचा फोन आला. सामान बांधून झालं होतं. दुसऱ्या जागेचं काय करायचं ते समितीला कळायला हवं होतं.

"रिकामी राहू दे," आर्डिस म्हणाली. "गवत कापायला सोपं जातं."

"तेच सांगते त्यांना." पलीकडे कुणीतरी खोकं ओढत होतं. "मागची कमान झाली का?"

"झाली. चार टेकू लावले, तरी दोन दिवस गेले."

"बोलवायचंस ना," लोरीन म्हणाली.

"हो," आर्डिस म्हणाली. "बोलवायला हवं होतं."