नाव भाड्याने देणे आहे

लेनर्ड कोवाल्चिक हा माझा बाप. अमेरिकेतल्या आमच्या ईरी गावात हे फक्त आई, तो आणि मी, तिघांनाच ठाऊक होतं. आई गेल्यावर आम्हा दोघांनाच. माझ्या जन्मदाखल्यावर बापाचा रकाना कोरा आहे. मी आईचं आडनाव लावते, हेस. त्यावरून मी त्याच्याशी कधी भांडले नाही. भांडायला हवं होतं.

गेल्या हिवाळ्यापासून मी आणि माझी लेक मोटेलच्या एका खोलीत आठवड्याच्या भाड्यावर राहत होतो. लेकीच्या शाळेसमोर ऑस्ट्रँडर बाईंच्या घराचा खालचा मजला रिकामा झाला. पण बाई आधी क्रेडिट स्कोअर बघत, आणि मी आयुष्यभर सगळं रोखीने केलेलं. माझी पत वाईट नव्हती, पतच नव्हती.

लेनर्डचं क्रेडिट कार्ड सव्वीस वर्षांचं, एकदाही हप्ता न चुकलेलं. अशा कार्डाला आपलं नाव जोडलं गेलं की त्याची सगळी पुण्याई आपल्या खात्यात दिसायला लागते. म्हणून त्याची बायको चर्चमध्ये पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, करायला गेलेली बघून मी त्याच्याकडे गेले.

तो टेबलाशी बसून नवीकोरी कार्डं कात्रीने कापत होता. त्यांवर भलत्याच लोकांची नावं. एक दलाल फोनवर गिऱ्हाइकं गाठून द्यायचा. लेनर्ड त्यांची नावं दोन महिने कार्डाला जोडायचा, पैसे घ्यायचा आणि काढून टाकायचा. त्यांच्या नावाचं कार्ड आलं की त्याचे तुकडे. टेक्सासातला कोण कुठला माणूस याच्या नावावर उजळ होत होता, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझंही नाव जोड म्हटलं तर म्हणाला, कार्डावरच्या जागा भरल्यात. मग आणखी एक कार्ड कापत, "बाहेरच्यांकडून आठशे डॉलर घेतो. तू सहाशे दे."

"आणि घरच्यांकडून?"

"हाच की घरचा भाव."

अनामत भरून स्वतःचं छोटं कार्ड काढता आलं असतं, पण त्याने पत व्हायला वर्ष जातं. शिवाय उद्या यानेच उधळपट्टी केली तर माझाही स्कोअर बुडणार होता. सगळं कळत होतं. पण आणखी वर्षभर लेकीला त्या खोलीत ठेवायचं माझ्या जिवावर आलं. मी पैसे मोजले.

स्कोअर आला. ऑस्ट्रँडर बाईंनी कागद वाचून चष्मा काढला. "हे कार्ड तुमचं नाही. हल्ली लोक ही नावं विकत घेतात. कुणाचं आहे?"

"वडिलांचं," मी म्हणाले. अडतीस वर्षांत हा शब्द पहिल्यांदाच तोंडातून निघाला, तोही अडखळत.

"मग त्यांच्याकडून दोन ओळी आणा, की ही माझी मुलगी. खाली सही. लगेच किल्ली देते."

त्याच संध्याकाळी मी लेनर्डच्या दारात उभी राहिले. मी लिहून नेलेला दोन ओळींचा कागद त्याने वाचला, मग आत बघितलं. आत त्याची बायको भांडी घासत होती. तो काही बोलायच्या आधीच मी पाकीट काढलं आणि किती घेणार ते विचारलं.

त्याने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे विकायला नाही, पोरी," तो हळूच म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.