दसऱ्याला गप्प राहिलेली तोफ

ज्या गंजक्या लोखंडावर बसून तुम्ही बोरं खाता ना मित्रांनो, ते लोखंड म्हणजे मी, एक जुनी तोफ. जव्हारची वाटते, पण माझं माहेर समुद्रात. एका बंदराच्या शहरासमोर, बेटावर, आमचा किल्ला होता. त्याच्यासाठी पुष्कळ जण लढले. मग बंदराला भीती उरली नाही, तशी किल्ल्याची गरजही उरली नाही. एका सकाळी शिबंदी होडीत बसून गेली. जाताना दरवाजाही कोणी ओढून घेतला नाही. विहिरीत माती भरली, सदरेवर निवडुंग चढला. ओस पडणं म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं.

पुढे जव्हार संस्थानाने मला उचललं. गलबतातून आले, मग बैलांनी ओढत घाट चढवला. इथे मला शत्रूच नव्हता. दसऱ्याला एक बार काढायचा, एवढंच काम. गोळासुद्धा नसे, नुसती दारू. पण तो आवाज दऱ्या ओलांडून जामसरपलीकडच्या एका पाड्यावर जाई, आणि तिथली माणसं तो ऐकल्याशिवाय नवा भात तोंडात घालत नसत. हे मला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. त्या दसऱ्याला माझ्याकडे चिमूटभर दारू नव्हती. दिवाळीच्या तोंडावर पाड्यावरची म्हातारी फागी चालत आली. माझा गोलंदाज पुंजा माझ्याच सावलीत विडी ओढत बसला होता.

"पुंजादादा, यंदा झोपला व्हतास का?"

"राज्य गेलं, फागी. तोफ बंद."

"आन नवा भात?"

"खा की. आता कोण अडवतंय?"

"अडवत कवाच कोन नव्हतं. पोरांना घातला मी. पन आधी तोफ, मंग देव, मंग आपुन. मी कशी खाऊ?"

पुंजाने हातोडा आणून माझ्या पाठीवर हाणला. ठण्ण.

"झालं. जा, जेव."

फागी हसली. "ही तं शाळंची घंटा झाली रं."

आणि गेली. घरात जुनी नागली, म्हणजे नाचणी, संपली होती. ती कंद उकडून खात राहिली. थंडीत तिची सून रुपी पुंजाकडे आली.

"सासू गेली, काका. आखरीला नव्या भाताची पेज लावली तोंडाला, तं इचारते, तोफ वाजली का? मी 'नाय' बोलली. तिनं तोंड फिरवलं."

पुंजाने माझ्या पाठीवर हात ठेवला. माझं तोंड तर उघडंच होतं, पण आत दारू नव्हती.

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. काही बंद करायची वेळ आली, तर त्याच्यासाठी कोण थांबलंय ते आधी बघा. आणि ते माणूस चालत येण्याआधी त्याच्या दाराशी जाऊन सांगा.