जंगली धुमारे

जर्मनीत बॉनमधल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पद्माकर आणि मालिनी आयफेलच्या डोंगरातल्या एका गावात राहायला आले. शेजारच्या म्हाताऱ्या फ्राऊ लेन्त्सच्या अंगणात तिच्या आजोबांच्या वेळची नासपती होती. त्या जातीचं रोप आता कुठेच विकत मिळत नव्हतं. पद्माकरनं तिच्याकडून काडी मागून घेतली, जंगली खुंटावर कलम बांधलं आणि कुंपणाशी लावलं. झाड चार वर्षांचं झालं आणि पद्माकर हृदयविकारानं गेला.

तो हिवाळा वाईट निघाला. दिवसा ऊन तापायचं, रात्री सगळं गोठायचं. झाडाची साल उभी फाटली. मे महिना आला तरी फांद्या काळ्याच. मग एका सकाळी बुंध्यापाशी हिरवे धुमारे दिसले, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मालिनीला हायसं वाटलं.

तिनं फ्राऊ लेन्त्सला बोलावून ते दाखवले. म्हातारी वाकून बराच वेळ बघत राहिली.

"हे कलमाच्या खालून आलेत," ती म्हणाली. "नुसता जंगली खुंट आहे हा. तुमच्या नवऱ्याचं झाड गेलं, मालिनी."

मालिनी घरात आली, चहा टाकला, तो तसाच गार झाला. पुढे ती त्या बाजूला फिरकलीच नाही. लेक उर्जा कोलोनहून आली की झाड काढून टाकू म्हणायची. मालिनी विषय बदलायची.

जानेवारीत फ्राऊ लेन्त्स ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या आपल्या नासपतीच्या काड्या घेऊन दारात उभी राहिली.

"मूळ जिवंत आहे. या काड्या एप्रिलपर्यंत तळघरात ठेवा. माझे हात थरथरतात आता, चाकू तुम्हालाच धरावा लागेल."

एप्रिलमध्ये मालिनीनं आधी वाळलेलं खोड करवतीनं कापलं. अर्ध्यावर तिला रडू फुटलं. म्हातारी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग दोन जाड धुमारे ठेवून त्यांवर काड्या बसवल्या, पट्टी बांधली, मेण लावलं. एक वाळली, दुसरी फुटली.

बऱ्याच वर्षांनी पहिली फळं धरली, ती दगडासारखी टणक. ही कच्ची खायची नसतातच, फ्राऊ लेन्त्सनं सांगितलं, मंद आचेवर शिजवायची. मालिनीनं साखर आणि वेलची घालून शिजवली. पद्माकरला ही चव कळलीच नाही, एवढंच ती उर्जाला म्हणाली. मग तिघी जेवायला बसल्या, आणि फ्राऊ लेन्त्सनं आणखी एक वाटी मागून घेतली.