कॅमेरा खाली बघेना

पहिल्या सकाळी ड्रोनने तीनशे शहाऐंशी फोटो काढले आणि त्यातल्या एकातही बांध नव्हता. आकाश होतं, लांब न्हावा शेव्याच्या क्रेन होत्या, द्रोणागिरीच्या गोदामांची निळी छपरं होती. एका फोटोत अगदी जवळून एक घार होती आणि ती कॅमेऱ्याकडे भयंकर रागाने बघत होती.

संघप्रियाने लॅपटॉप देवळासमोरच्या कट्ट्यावर ठेवला होता. भोवती बांध समितीची पाच-सहा माणसं वाकून बघत होती. समितीचे अध्यक्ष धर्मराजशेठ. एके काळी या खाडीकाठी त्यांची भातशेती होती, आता त्याच जागेत दोन गोदामं भाड्याने दिलेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, घार मस्त आलीय," ते म्हणाले. "पन बांध कुटं हाय?"

सगळे हसले. संघप्रियाही हसली, पण तिचे कान गरम झाले.

काम तसं सरळ होतं. गाव आणि खाडी यांच्यामध्ये अडीच किलोमीटरचा जुना मातीचा बांध. मोठ्या उधाणाला त्याच्यातून कुठून तरी पाणी आत शिरायचं आणि शाळेच्या मैदानात साचायचं. मागच्या पौर्णिमेला ते बालवाडीच्या वर्गात गेलं, पोरांच्या चपला तरंगत बाहेर आल्या. भोक कुठे आहे ते मात्र कुणाला सापडत नव्हतं. बांधाच्या दोन्ही अंगांनी खारफुटी इतकी दाट माजली होती की चालत जाणं अवघड, आणि तोडायला तर बंदीच. म्हणून वरून बघायचं ठरलं. भरतीला आत आलेलं पाणी ओहोटीला त्याच भोकातून बाहेर पडणार. चिखलावर त्याचा ओहोळ उमटणार. कॅमेरा सरळ खाली धरून ओहोटीच्या वेळी पूर्ण बांध टिपला, की भोक दिसलंच पाहिजे.

बंदर जवळ, विमानतळ जवळ, त्यामुळे उडवायची परवानगी जपूनच मिळायची. मागच्या महिन्यात थोड्याशा भागावर चाचणीपुरती एक सकाळ, आता पूर्ण बांधासाठी तीन. सात ते नऊ. अमावास्येनंतरचे हे दिवस असे, की त्याच वेळेत खाडी रिकामी होते. ही संधी हुकली तर पौर्णिमेचं पाणी पुन्हा बालवाडीत.

एक सकाळ घारीने खाल्ली होती.

"मॅन्युअलवर, हाताने चालवून बघू या," तेजस म्हणाला. तो संघप्रियाचा भागीदार. पनवेलच्या पॉलिटेक्निकपासूनचे दोघे सोबती. ड्रोन उडवायची ती, उडायचा मार्ग कॉम्प्युटरवर आखून द्यायचा तो. त्यांचा हा एकुलता एक ड्रोन.

नऊ वाजून गेले होते, उडवता येणार नव्हतं. त्यांनी ड्रोन कट्ट्यावरच चालू केला. त्याच्या पोटाखाली गिंबल असतं, म्हणजे तीन बारीक मोटारींचा झुला. ड्रोन कितीही डुलला तरी कॅमेरा स्थिर राहतो तो त्याच्यामुळे, आणि कॅमेऱ्याची मान वरखाली होते तीही त्याच्यामुळे. संघप्रियाने रिमोटचं चाक फिरवलं. कॅमेऱ्याने शहाण्यासारखी मान खाली घातली. पुन्हा फिरवलं, मान वर.

"चालतंय तर," ती म्हणाली.

"इथं चालतंय. वर गेल्यावर मोटार गरम होऊन अडकत असणार. गिंबलला मार बसला की असंच होतं," तेजस म्हणाला.

संघप्रियाने ड्रोन बंद केला. परवा संध्याकाळी नावड्याच्या वळणावर खड्ड्यात स्कूटर आपटली होती आणि ड्रोनची पेटी मागच्या सीटवरून घसरून रस्त्यावर पडली होती. पेटी उघडून तिने सगळं तपासलं होतं. ओरखडासुद्धा नव्हता. म्हणून तेजसला सांगितलं नव्हतं. आता सांगावं असं तिला वाटलं, पण धर्मराजशेठ समोरच उभे होते.

घरी गेल्यावर तिने ड्रोनचे पंखे काढले, तो जेवायच्या टेबलावर चालू करून ठेवला आणि घड्याळ लावलं. दर दोन मिनिटांनी कॅमेरा खाली, मग वर. तिचे पप्पा तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मशीन चालू दिसलं की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळत. ते चहाचा कप घेऊन समोर बसले.

"हा मघापासून कुणाला हो हो म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"बिघडलाय का ते बघतेय. गरम झाल्यावर अडकतो का."

पप्पांनी बोट लावून बघितलं. "गरम तर झाला. अडकत नाही."

चाळीस मिनिटं कॅमेरा मान हलवत राहिला. एकदाही अडकला नाही. तिने कंपास आणि गिंबल दोन्ही नव्याने जुळवून घेतले आणि जरा निश्चिंत होऊन झोपली.

दुसऱ्या सकाळी सात वाजता ड्रोन वर गेला. बांधाला लागला, रिमोटच्या पडद्यावर पुन्हा क्रेन दिसायला लागल्या. संघप्रियाने दहाव्या फोटोलाच त्याला थांबवलं, ताबा हातात घेतला आणि हवेतच चाक फिरवलं. कॅमेरा लगेच खाली. चिखल, बगळे, खारफुटी, सगळं स्पष्ट. चाक पुन्हा वर करून मार्ग चालू केला. कॅमेरा सरळ. क्रेन.

तीन वेळा तेच. हाताने ऐकतो, आखलेल्या मार्गावर ऐकत नाही.

"मार्ग बरोबर आहे," तेजस म्हणाला. "प्रत्येक थांब्यावर 'कॅमेरा खाली' अशी आज्ञा लिहिलीय. हे बघ. पंचवीस थांबे, पंचवीस आज्ञा. हार्डवेअरचंच काहीतरी आहे."

संघप्रियाने ड्रोन उतरवला. मग रिमोट गवतावर ठेवला.

"तेजस, परवा माझ्या हातून पेटी पडली. स्कूटरवरून. नावड्याला."

तो तिच्याकडे वळला. "आणि तू आज सांगतेयस?"

"काही लागलं नव्हतं. मी सगळं तपासलं होतं."

"दोन सकाळी गेल्या, संघप्रिया! काल बोलली असतीस तर मी रात्रीतून कुठून तरी दुसरं गिंबल मागून आणलं असतं." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि बांधाच्या कडेने चालायला लागला.

ती खाली बसली. दहा पावलांवर एक बाई टोपली घेऊन बसली होती, चिखलाने माखलेले पाय उन्हात वाळवत. ही राहीबाई. साठीची, हिरव्या लुगड्याचा काष्टा घातलेली, रोज ओहोटीला खेकडे धरायला यायची. काल सकाळीही ती तिथेच बसून वर बघत होती.

"काय गो पोरी, भांडला तो?"

"माझंच चुकलं, मावशी."

"तुमचं पाखरू आजारी हाय काय?"

"आजारीच म्हणायचं. मान खाली घालत नाही."

"हां." राहीबाईने टोपलीवरचं ओलं गोणपाट सारखं केलं. "मागल्या महिन्यात आलंवतात तवा बरा व्हता. तवा जागजागी थांबायचा. थांबला का जरा खाली बगायचा, मंग पुडं जायाचा. मी म्हनली, ह्यो पन खेकडंच शोधतंय. आता थांबतच नाय. कोपऱ्यावरना सरल वलून जातो."

संघप्रिया तिच्याकडे वळली. "थांबत नाही?"

"नाय. काल पन नाय, आज पन नाय. वाऱ्यासारका वलतो."

संघप्रिया काल पडद्यावरच्या नकाशातल्या ठिपक्याकडे बघत होती, आज पडद्यावरच्या क्रेनकडे. ड्रोनकडे तिने बघितलंच नव्हतं.

"तेजस!" तिने इतक्या जोरात हाक मारली की चिखलातले बगळे उडाले.

तो परत आला, चेहरा अजून तसाच. "काय?"

"मागच्या महिन्यात चाचणी घेतली तेव्हा ड्रोन प्रत्येक वळणावर थांबत होता. आता थांबत नाही. तू काय बदललंस?"

"काही नाही. मार्ग तोच..." त्याचं बोलणं मध्येच तुटलं. त्याने लॅपटॉप उघडला. आखलेला मार्ग वरपासून खालपर्यंत वाचला. मग हळूच म्हणाला, "वळणं."

"म्हणजे?"

"थांबून थांबून जायला वेळ लागतो. एका बॅटरीत पूर्ण बांध होत नव्हता. म्हणून मी गेल्या आठवड्यात 'गोल वळण' निवडलं. वेग तोडायचा नाही, थांब्यावरून वाकून निघून जायचं." त्याने कपाळाला हात लावला. "आणि कॅमेऱ्याची आज्ञा थांब्यावर थांबला तरच पाळली जाते. न थांबता गेला तर ती वगळूनच टाकतो. फोटो दर दोन सेकंदांनी आपोआप निघतात, म्हणून आपल्याला वाटलं बाकी सगळं बरोबर आहे."

"म्हणजे पेटी पडली त्याने काही झालेलं नाही?"

"पेटीचा काही संबंध नाही. मी चुकलो." त्याने मान वर केली. "आणि तुझ्यावर ओरडलो ते वेगळंच."

"ओरड ना. पेटी खरंच पडली होती."

"पुढच्या वेळी पडली तर त्याच दिवशी सांग."

"आणि तू वळणं बदललीस तर त्याच दिवशी सांग."

नऊला अकरा मिनिटं होती. तेजसने तीनच थांब्यांचा छोटा मार्ग केला, वळणं काढून टाकली. ड्रोन वर गेला. पहिल्या थांब्यावर हवेत थबकला. पडद्यावरच्या क्रेन वर सरकत नाहीशा झाल्या आणि खालून बांध आला, तपकिरी, रुंद, त्यावरचं गवतसुद्धा वेगळं दिसत होतं.

"घातली मान!" संघप्रिया ओरडली.

"मी सांगितलंवतं," राहीबाई म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन चालती झाली.

तिसऱ्या सकाळी त्यांनी मार्गाचे दोन भाग केले, प्रत्येक भागाला एक बॅटरी. थांबायला लागणार होतं, तर थांबू दे. आज संघप्रिया ड्रोनकडे बघत होती आणि तेजस पडद्याकडे. प्रत्येक थांब्यावर ड्रोन थबकायचा, खाली बघायचा, पुढे सरकायचा. तेजस मोठ्याने मोजत होता. पंचविसाव्या थांब्यानंतर ड्रोन परत उतरला तेव्हा आठ पन्नास झाले होते.

कट्ट्यावर आज अर्धं गाव जमलं होतं. धर्मराजशेठनी बसायला खुर्च्या मागवल्या आणि स्वतः उभेच राहिले. फोटो एकामागून एक सरकत गेले. बांध, बांध, खारफुटी, बांध. दोनशेव्या फोटोच्या पुढे एका ठिकाणी चिखलात चकाकणारी रेघ दिसली. तेजसने फोटो मोठा केला. बांधाच्या पायथ्यातून पाणी बाहेर पडत होतं, चांगलं हातभर रुंद.

"सापडलं!" कुणीतरी टाळी वाजवली.

"थांबा," धर्मराजशेठ म्हणाले. "त्या भोकाशी हिरवं काय हाय?"

तेजसने आणखी मोठं केलं. हिरवं लुगडं. वाकलेली पाठ. बाजूला टोपली. एक हात खांद्यापर्यंत भोकात.

सगळ्या माना मागे वळल्या. गर्दीच्या मागे राहीबाई टोपली कमरेला लावून उभी होती. टोपलीत खेकडे खडखडत होते.

"राही," धर्मराजशेठ म्हणाले, "आमी वरीसभर भोक शोधताव. तुला म्हाईत व्हता?"

"तुमी भोक शोधत व्हता," राहीबाई म्हणाली. "मी खेकडं धरत व्हती. पानी व्हातं तिथं खेकडं मोटं मिलतात. ह्यातनाच पानी गावात येतं, ह्ये मला काय म्हाईत?"

"अगं, पन बोलायचं तरी!"

"खेकड्याची जागा कोन सांगतं काय?"

पहिला हसला तो तेजस. मग कट्टाच हसायला लागला. धर्मराजशेठना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. राहीबाई आधी रागावल्यासारखी उभी राहिली, मग तीही पदर तोंडाला लावून हसली. "काड," ती संघप्रियाला म्हणाली, "माजा पाटीचा फोटू काडलास. तोंडाचा पन काड आता." संघप्रियाने तिथल्या तिथे मोबाइलवर काढला, टोपलीसकट.

भोक बुजवायला आठ दिवस लागले. जागा दाखवायला राहीबाईच पुढे होती, कारण खारफुटीतून तिथवर जायची पायवाट तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. खडी, मुरूम, मातीच्या गोणी, सगळं त्या वाटेने डोक्यावरून गेलं. एकही झाड तोडावं लागलं नाही.

पौर्णिमेला दुपारी संघप्रिया आणि तेजस ड्रोन न घेताच आले. बांधावर माणसं रांगेत उभी होती. साडेबाराला पाणी बांधाच्या अर्ध्यावर आलं, पाऊणला आणखी वर. खारफुटीचे शेंडे तेवढे बाहेर राहिले. आतल्या बाजूला मैदान कोरडं होतं आणि बालवाडीच्या बाई दारात उभ्या राहून दर पाच मिनिटांनी हाताने विचारत होत्या, आलं का? इकडून सगळे हात हलवून सांगत होते, नाही.

सव्वा वाजता पाणी जागच्या जागी थांबलं. मग बोटभर उतरलं. धर्मराजशेठनी एक लांब श्वास सोडला आणि मोबाइल कानाला लावला.

"सरस्वती, भाकऱ्या टाकायला घे," ते बायकोला सांगत होते. "किती मानसं? थांब जरा, मोजतो." त्यांनी बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि मोजायचा नाद सोडून दिला. "सगलीच येतायत बघ."